पहिली पाळी येऊन पन्नास दिवस झाले, दुसरी आलीच नाही, मुलीला डॉक्टरकडे न्यावं का?

ताई, लगेच धावपळ करू नका. तुम्ही लिहिलंय की लेक साडेअकराची आहे, पहिल्या वेळी चार दिवस व्यवस्थित गेले, आता दुखत-खुपत काही नाही, खाते-खेळते. मग वाट बघा. माझ्या लेकीची पहिली दिवाळीत आली आणि दुसरी थेट संक्रांतीला, मधे मी इतकी घाबरले की तिला घेऊन डॉक्टर मॅडमकडे गेलेच, तर त्यांनी आधी विचारलं तारीख काय, आणि मला तारीखच सांगता येईना, आपलं "भाऊबीजेच्या आसपास असेल". त्या हसल्या, म्हणाल्या आधी लिहायला लागा, मग बघू.

होतं काय, सुरुवातीची दोनेक वर्षं दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही, आणि ते सुटलं नाही की आतलं अस्तर कधी गळायचं याचा काही नेम राहत नाही. त्यामुळे ते २८ दिवसांचं गणित आपल्यासारख्यांसाठी, या पोरींना २१ ते ४५ दिवस चालतात आणि पहिल्या वर्षात एखादी त्याहूनही लांबते. पण तीन महिने उलटले तरी नाहीच, किंवा आली की सात दिवसांच्या वर जातेय, तासा-दोन तासाला पॅड भिजतंय, चक्कर येतेय, दुखण्यापायी दर महिन्याला शाळा बुडतेय, तर मात्र सरळ डॉक्टर. जास्त जात असेल तर हिमोग्लोबिनही बघून घ्या, कारण पोरी दमतात आणि आपण म्हणतो आळशी झालीये.

तारखेसाठी मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी खूण करायला गेले तर बाईसाहेब भडकल्या, "काका वाचतील!" आता शाळेच्या डायरीत मागच्या पानावर चांदणी काढते. भारी पडली तर दोन चांदण्या. तिचं तिनेच ठरवलं.

दप्तरात एक पाऊच ठेवा, त्यात दोन पॅड, एक निकर आणि वर्तमानपत्राचे तुकडे, आत्ताच ठेवा कारण दुसरी कधी येईल ते सांगून येणार नाही. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, कमी गेलं असलं तरी. कागदात गुंडाळून वर लाल पेनने ठिपका काढा, कचरावाल्या ताईंना हाताने उघडून बघावं लागत नाही, आणि कमोडमध्ये तर टाकूच नका, आमच्या सोसायटीत एकदा ड्रेनेज तुंबलं होतं तेव्हा काय काय निघालं ते न सांगितलेलं बरं. डाग नेहमी गार पाण्यात धुवायचा, गरम पाण्याने तो पक्का बसतो. कापड वापरत असाल तर सुती घ्या आणि धुऊन उन्हात वाळवा, ओढणीखाली लपवून नाही, तिथे ते ओलंच राहतं.

सासूबाई पपई आणि तीळगूळ द्या म्हणतायत ना, देऊ देत, खाण्याने काही बिघडत नाही, फक्त त्याने पाळी येईल म्हणून वाट बघू नका. मेडिकलमधून पाळी आणायची किंवा घरात पूजा आहे म्हणून पुढे ढकलायची गोळी मात्र डॉक्टरला न विचारता अजिबात नाही, त्या हार्मोनच्या गोळ्या असतात. आणि बाजूला बसवण्याचं म्हणाल तर आमच्याकडे आजेसासूबाईंनी एकदा विषय काढला, मी लेकीलाच लोणच्याची बरणी काढायला सांगितली, ते लोणचं पुढच्या मे महिन्यापर्यंत पुरलं.

पहिली तारीख तुम्हालाही नक्की आठवत नसेल तर मोबाईलमधले फोटो बघा. आम्हाला भाऊबीजेच्या फोटोंतच सापडली, ओवाळताना पिवळा फ्रॉक आणि जेवताना निळा ड्रेस.