‘समजत नाही’ लिहिण्याआधी

पोरी,

मेंदूला इजा झाल्यापासून बोलणं अडलेल्या नौपाड्यातल्या आजोबांच्या वाचा-तपासणीचा तुझा रिपोर्ट वाचला. तक्ते नीट भरलेत, आणि शेवटी एक ओळ: ‘रुग्णाला समजत नाही.’ ती ओळ मी पेन्सिलीने कंसात टाकली आहे, खोडलेली नाही. तू परत जाऊन ये, मग ठरवू.

आधी एक सांग. तपासताना टीव्ही चालू होता का? चष्मा, कवळी, कानाचं यंत्र सगळं जागेवर होतं? नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका गृहस्थांबद्दल मीही ‘आकलन कमी’ लिहून मोकळी झाले होते. दोन आठवड्यांनी त्यांच्या सुनेला औषधांच्या पिशवीत तळाशी कानाचं यंत्र सापडलं. आयसीयूत काढलेलं, ते तसंच राहून गेलेलं. त्यांना धड ऐकूच येत नव्हतं आणि मी खापर मेंदूवर फोडलं होतं.

आता आजोबा. उजवा हात लुळा, बोलणं ‘मी... बाजार... भाजी’ असं तुटक. प्रत्यय गळालेले, क्रियापदाचा पत्ता नाही. डाव्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की बहुतेकदा हेच दिसतं. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांच्याकडे आलेला रुग्ण जवळजवळ फक्त ‘तान’ एवढंच म्हणायचा, पण विचारलेलं त्याला बरंचसं कळायचं. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी उलटी तऱ्हा मांडली: बोलणं घडाघडा, पण त्यात अर्थ लागत नाही आणि समोरच्याचं बोलणंही नीट कळत नाही. अशा माणसाला घरचे ‘भ्रमिष्ट झालाय’ म्हणतात. तुझी ती ओळ तिथे एकवेळ शोभली असती.

तरी आजोबांना सगळंच कळतं असंही लगेच समजू नकोस. घरचे सांगतील, ‘अहो, पाणी द्या म्हटलं की देतात.’ देणारच, कारण म्हणणाऱ्याची नजर तांब्याकडे असते! तू हात मांडीवर ठेव, नजर त्यांच्या चेहऱ्यावर, आणि मग विचार. नंतर दोन चित्रं पुढे ठेव. एकात वाघ माणसाला मारतोय, दुसऱ्यात माणूस वाघाला. म्हण, ‘वाघाला माणसाने मारलं.’ शब्द सगळे ओळखीचे, पण कोणी कोणाला मारलं ते ‘ला’ आणि ‘ने’ वर लटकलंय. बोलताना ज्याचे प्रत्यय गळतात, तो ऐकतानाही अनेकदा तिथेच घसरतो आणि वाघाच्या नावाने खून लावतो. तसं झालं तर तेवढंच लिही: साधी वाक्यं कळतात, अशी उलटलेली कळत नाहीत. त्यांच्या मुलाला त्याचा उपयोग आहे. तो बापाशी छोटी, सरळ वाक्यं बोलेल.

‘हो-नाही’वरही एकदम भरवसा नको. मनात ‘नाही’ असताना तोंडून ‘हो’ निघतं. एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी विचार, मानेकडे लक्ष ठेव.

आणि तो इंग्रजी चित्रांचा संच! त्यातला इग्लू आजोबांना ओळखता आला नाही म्हणून तू गुण कापलेस. अगं, घंटाळीत जन्म काढलेल्या माणसाने इग्लू कशाला ओळखायचा? अडकित्ता दाखव, किसणी दाखव.

अजून एक. आजी म्हणतील, ‘पण आरती अख्खी म्हणतात!’ म्हणतील. आरती, पाढे, वार, कधीकधी शिवीसुद्धा, घोकलेलं आणि सवयीचं असतं. ते पुष्कळदा शाबूत राहतं. त्यावरून ‘आता बोलणंही सुटेल’ असा शब्द देऊन बसू नकोस. पण आरती म्हणू दे. त्या घरात इतके दिवस त्यांचा आवाज नव्हता.

गुरुवारी सकाळी जा, दुपारी ते दमतात. वाघाची चित्रं माझ्या टेबलाच्या डावीकडच्या खणात आहेत. एकावर चहाचा डाग पडलाय, चालेल.

– ताई