लोड बॅलन्सरची रॅम दुप्पट केली तरी स्क्रीन अडखळते. मेमरी आणि डिस्क किती द्यावी?

तुमचा प्रश्न असा आहे: एफ५ बिग-आयपी या लोड बॅलन्सरची (येणारं ट्रॅफिक अनेक सर्व्हरांत वाटणाऱ्या मशीनची) व्हर्च्युअल एडिशन, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) म्हणून चालणारी, २ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर), रॅम ४ जीबीवरून ८ जीबी केली, तरी व्यवस्थापनाची स्क्रीन उघडायला वेळ लागतो, मेमरी ९० टक्क्यांच्या वर दिसते आणि /व्हार/लॉग (लॉग साठवायची डिरेक्टरी) भरत आलंय. आता १६ जीबी मागावी का, आणि डिस्क किती वाढवावी?

१६ जीबी मागू नका. वाढवून दिलेली ४ जीबी कुठे गेली ते आधी बघा. "मशीन हळू चालतंय, रॅम टाका" हे वाक्य मी इतक्या बैठकांत खोडून काढलंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

बिग-आयपीची मेमरी एक नाही, तिचे दोन हिस्से आहेत. पहिला टीएमएमचा, म्हणजे ज्या प्रक्रियेतून प्रत्यक्ष ट्रॅफिक जातं तिचा. टीएमएम सुरू होतानाच आपला हिस्सा ह्यूज पेजेसमध्ये (मेमरीच्या मोठ्या राखीव तुकड्यांत) अडवून ठेवते आणि लिनक्सला परत देत नाही. म्हणून 'फ्री' कमांडमध्ये मशीन कायम भरलेलं दिसतं; त्या आकड्यावर कुणीही निर्णय घेऊ नये. दुसरा हिस्सा होस्टचा, म्हणजे त्याच मशीनवरच्या लिनक्सचा: कॉन्फिगरेशन सांभाळणारी एमसीपीडी, हेल्थ मॉनिटर चालवणारी बिगडी, स्क्रीन दाखवणारा टॉमकॅट, रेस्ट एपीआयची रेस्टजावाडी, आणि एव्हीआर (ट्रॅफिकचे आलेख) किंवा एएसएम (वेब फायरवॉल) हे मॉड्यूल चालू असेल तर मायएसक्यूएल डेटाबेस. होस्टला किती मिळायचं ते प्रोव्हिजनिंगवरून, म्हणजे कोणत्या मॉड्यूलला किती वाटा दिलाय त्यावरून, ठरतं. वरून टाकलेली रॅम मुख्यतः टीएमएमकडे जाते. अडखळणारी स्क्रीन होस्टच्या हिश्शात आहे. तुम्ही भूक नसलेल्याला वाढलंत आणि उपाशी तसाच राहिला.

खरी स्थिती बघायची तर टीएमएसएचमध्ये (बिग-आयपीच्या कमांड लाइनवर) 'शो सिस मेमरी' द्या. तिथे टीएमएम मेमरी, अदर मेमरी (होस्टची) आणि स्वॅप (रॅम कमी पडल्यावर डिस्कवर हलवलेली मेमरी) असे तीन वेगळे आकडे येतात. टीएमएम ३० टक्के, अदर ९५ टक्के आणि स्वॅप वाढता असेल, तर तुमचा प्रश्न रॅमचा नाही, वाटपाचा आहे.

याचा परिणाम फक्त स्क्रीनवर होतो असं समजू नका. माझ्या हाताखालून गेलेल्या एका जोडीवर (एक ॲक्टिव्ह, दुसरं स्टँडबाय) एलटीएम या लोड बॅलन्सिंगच्या मॉड्यूलसोबत एव्हीआर नॉमिनलवर, म्हणजे नेहमीच्या वाट्यावर, होतं, रॅम ४ जीबी. रात्रीच्या वेळी वेगवेगळ्या ॲप्लिकेशनचे पूल मेंबर (मागचे सर्व्हर) एकाच वेळी डाउन व्हायचे आणि काही सेकंदांत परत अप. सर्व्हरच्या लॉगमध्ये काही नाही, स्विचच्या पोर्टवर एकही एरर नाही. सर्व्हर सांभाळणारे म्हणत नेटवर्क खराब, नेटवर्कवाले म्हणत सर्व्हर दमतात. दोघांचंही चूक होतं. एचटीटीपी मॉनिटरचं डिफॉल्ट इंटरव्हल ५ सेकंद आणि टाइमआउट १६ सेकंद असतं. होस्ट स्वॅपमध्ये गेला की बिगडीला वेळेवर प्रोब (सर्व्हर जिवंत आहे का हे विचारणाऱ्या विनंत्या) पाठवता येत नाहीत, आलेली उत्तरं वेळेवर वाचता येत नाहीत, आणि १६ सेकंद उलटले की धडधाकट सर्व्हर मेला असं ठरतं. एकमेकांशी संबंध नसलेले पूल एकाच मिनिटाला पडत असतील तर सर्व्हरकडे बोट दाखवण्याआधी 'व्हीएमस्टॅट १' लावा आणि एसआय, एसओ (स्वॅपमधून येणं, स्वॅपमध्ये जाणं) हे रकाने बघा. तिथे सतत शून्याच्या वर आकडे दिसले की गुन्हेगार सापडला.

त्या जोडीला व्हर्च्युअलायझेशनवाल्यांनी रॅम ८ जीबी करून दिली, पण रिझर्व्हेशनशिवाय, म्हणजे ती याच मशीनसाठी राखून न ठेवता. आता टीएमएमलाही त्रास सुरू झाला. /व्हार/लॉग/एलटीएममध्ये 'क्लॉक ॲडव्हान्स्ड बाय ५०० टिक्स' अशा ओळी येऊ लागल्या. एक टिक म्हणजे एक मिलिसेकंद; टीएमएमला तितका वेळ प्रोसेसरच मिळाला नाही, असा त्याचा अर्थ. हायपरवायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) मेमरी बलूनने (दिलेली मेमरी व्हीएमकडून परत घ्यायची युक्ती) ओढून घेतो किंवा स्वतःच्या डिस्कवर स्वॅप करतो, तेव्हा आतल्या टीएमएमला ते कळत नाही, ती फक्त थबकते. नेटवर्क फेलओव्हरची (एक गप्प झाला की जोडीदाराने काम हाती घेण्याची) मुदत डिफॉल्टने ३ सेकंद आहे. थबकणं तेवढं लांबलं की जोडीदार ॲक्टिव्ह होतो, मग मूळचा जागा होतो, आणि काही क्षण दोघेही ॲक्टिव्ह.

म्हणून माझं ठाम मत: लोड बॅलन्सरच्या व्हीएमला दिलेली सगळी मेमरी, शंभर टक्के, रिझर्व्ह करा. सीपीयूसाठी प्रत्येक कोअरला किमान २ गिगाहर्ट्झ राखून ठेवा. "बाकीच्या दोनशे व्हीएम ओव्हरकमिटवर व्यवस्थित चालतात" (म्हणजे असलेल्यापेक्षा जास्त वाटलेल्या मेमरीवर) हा युक्तिवाद इथे लागू नाही. त्या दोनशे व्हीएमकडे जाणारं ट्रॅफिक याच एका दारातून जातं. रिझर्व्ह केलेली ४ जीबी ही हवेतल्या ८ जीबीपेक्षा चांगली.

तुमच्यासाठी क्रम असा. एव्हीआरचे आलेख कुणी खरोखर बघतं का ते विचारा. बघत नसेल तर एव्हीआर 'नन' (बंद) करा. छोट्या मशीनवर मायएसक्यूएल पोसणं परवडत नाही. मग रिसोर्स प्रोव्हिजनिंगमध्ये मॅनेजमेंट 'स्मॉल'वरून 'लार्ज' करा. तेवढ्याने स्वॅप थांबला नाही तर 'मॉडिफाय सिस डीबी प्रोव्हिजन.एक्स्ट्राएमबी व्हॅल्यू ५००'. हे ५०० एमबी टीएमएमच्या हिश्शातून होस्टकडे जातात. पहिल्याच फटक्यात २००० टाकू नका. ५००, मग आठवडाभर स्वॅप बघणं, मग गरज असेल तर आणखी. मोठी एएस३ डिक्लरेशन (एपीआयने पाठवायचं कॉन्फिगरेशन) पाठवत असाल आणि एपीआय मध्येच मरत असेल, तर रेस्टजावाडीचा जावा हीप (जावाला दिलेली मेमरी) लहान पडतोय, त्यासाठी 'रेस्टजावाडी.यूजएक्स्ट्राएमबी' ट्रू करावं लागतं, नुसती एक्स्ट्राएमबी वाढवून तो हीप वाढत नाही.

प्रोव्हिजनिंग किंवा एक्स्ट्राएमबी बदलली की सेवा पुन्हा सुरू होतात आणि त्या मशीनवरचं ट्रॅफिक तुटतं. आधी स्टँडबायवर करा, तो स्थिर झाल्यावर फेलओव्हर, मग दुसऱ्यावर. प्रोव्हिजनिंग कॉन्फिगसिंकने (जोडीतलं कॉन्फिगरेशन जुळवणाऱ्या सोयीने) जोडीदाराकडे जात नाही. एकावर बदलून दुसरं विसरलं तर पुढचा सिंक फसतो आणि कारण शोधण्यात अख्खा दिवस जातो. 'डेडिकेटेड' हा पर्याय फक्त एकच मॉड्यूल चालवायचं असेल तेव्हाचा आहे, बाकी सगळी मॉड्यूल ननवर जावी लागतात.

टीएमएमच्या बाजूला खरोखर कमतरता असेल तर मात्र गणित वेगळं. प्रत्येक कनेक्शनला क्लायंटची एक आणि सर्व्हरची एक अशा दोन बाजू असतात. सर्व्हर वेगवान आणि क्लायंट मोबाइलवरचा हळू असेल, तर मधला सगळा माल बफरमध्ये साचतो. ६४ केबीचा बफर पूर्ण भरलेली २०,००० कनेक्शन म्हणजे सव्वा जीबीच्या आसपास. कुणीतरी वेग वाढवायला म्हणून टीसीपी प्रोफाइलमध्ये तोच बफर २५६ केबी केला की तीच कनेक्शन पाच जीबीच्या घरात जातात. बफर वाढवताना हा गुणाकार केल्याशिवाय बदल मंजूर होऊ नये. मेमरी ८५ टक्क्यांवर गेली की डिफॉल्ट इव्हिक्शन पॉलिसी कनेक्शन कापायला लागते, ९५ टक्क्यांवर नवीन घेणं थांबवते. वापरकर्ता सांगतो "मध्येच तुटतं", आणि लोक फायरवॉल तपासत बसतात.

दुसरी गळती आयरूलमधली (बिग-आयपीवर ट्रॅफिकसाठी लिहिलेल्या स्क्रिप्टमधली). 'टेबल सेट'मध्ये टाइमआउट न दिल्यास नोंद १८० सेकंदांनी जाते, पण टाइमआउट आणि लाइफटाइम दोन्ही 'इंडेफिनिट' लिहिले तर ती नोंद कधीच जात नाही. क्लायंटच्या पत्त्यागणिक एक नोंद, महिनाभरात काय होईल ते सांगायला नको. कोणता घटक मेमरी खातोय ते 'टीएमसीटीएल मेमरी_युसेज_स्टॅट'मध्ये दिसतं. आज आणि चार दिवसांनी असे दोन वेळचे आकडे शेजारी ठेवून बघा. एका वेळच्या आकड्याचा उपयोग नाही.

आता डिस्क. बहुतेक वेळा इथेही वाढवायची गरज नसते. आयरूलमध्ये चाचणीसाठी टाकलेली 'लॉग लोकल०' ओळ प्रत्येक विनंतीला चालत असेल, तर सेकंदाला २,००० विनंत्या गुणिले २०० बाइट म्हणजे सेकंदाला ४०० केबी, दिवसाला साडेचौतीस जीबी. अशा मशीनला कितीही डिस्क द्या. ती ओळ काढा. लॉग हवाच असेल तर हाय स्पीड लॉगिंगने बाहेरच्या सर्व्हरवर पाठवा.

कुठे काय साचतं ते माहीत असेल तर साफसफाई दहा मिनिटांची आहे. जुन्या आयएसओ फाइली /शेअर्ड/इमेजेसमध्ये, कोअर फाइली (प्रक्रिया कोसळताना पडलेल्या) /व्हार/कोअरमध्ये, सपोर्टसाठी काढलेले क्यूकेव्ह्यू /व्हार/टीएमपीमध्ये, यूसीएस बॅकअप /व्हार/लोकल/यूसीएसमध्ये. यातले /व्हार/कोअर आणि /व्हार/टीएमपी प्रत्यक्षात /शेअर्डकडे जाणारे दुवे आहेत, त्यामुळे तिथलं काढून /व्हार मोकळं होत नाही. यूसीएस मशीनवरच ठेवणं हा बॅकअप नव्हे, ते बाहेर न्या. चालू लॉग फाइल 'आरएम'ने उडवू नका: सिस्लॉगने ती उघडी धरलेली असते, नाव जातं पण जागा सुटत नाही, 'डीयू' मोकळं दाखवतं आणि 'डीएफ' भरलेलं. फाइल शून्य करा, किंवा 'एलएसओएफ +एल१'ने कोण धरून बसलंय ते बघून ती सेवा पुन्हा सुरू करा. आणि 'डीएफ -आय' विसरू नका; जीबी शिल्लक असूनही इनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपलेले असतात.

तरीही वाढवायची असेल, तर 'व्हीजीएस'ने व्हॉल्यूम ग्रूपमध्ये मोकळी जागा आहे का बघा. न वापरलेल्या जुन्या आवृत्तीचा स्लॉट, समजा एचडी१.३, काढला की बरीच जागा सुटते. /, /यूएसआर, /कॉन्फिग आणि /व्हार हे प्रत्येक स्लॉटचे वेगळे असतात; /व्हार/लॉग, /शेअर्ड आणि /ॲपडेटा सगळ्या स्लॉटना सामाईक. ही जागाही पुरत नसेल तरच हायपरवायझरकडे जा. यूसीएस बाहेर काढा, स्टँडबाय निवडा, व्हीएम बंद करा, त्यावरचे स्नॅपशॉट काढून टाका (व्हीएमवेअरवर ते असेपर्यंत डिस्क वाढत नाही), डिस्क वाढवून व्हीएम सुरू करा. मग 'शो सिस डिस्क डिरेक्टरी' बघून 'मॉडिफाय सिस डिस्क डिरेक्टरी /व्हार/लॉग न्यू-साइझ १०४८५७६०'. हा आकडा केबीमध्ये आहे, म्हणजे १० जीबी. रीबूट झाल्याशिवाय बदल लागू होत नाही. आणि वाढवलेलं याच मार्गाने कमी करता येत नाही, तेव्हा मोकळी जागा सगळी एकाच डिरेक्टरीला देऊन टाकू नका.

/व्हार/लॉग भरलं तरी टीएमएम ट्रॅफिक चालवत राहते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण /कॉन्फिग भरलं की 'सेव्ह सिस कॉन्फिग' फसतं, आणि त्यानंतर केलेले बदल पुढच्या रीबूटला गायब होतात. लक्ष ठेवायचं ते आधी /कॉन्फिग आणि /व्हारवर.

काही गोष्टी वर सांगायच्या राहिल्या. /यूएसआर १०० टक्के दिसलं तर घाबरू नका. ते फक्त वाचण्यापुरतं माउंट केलेलं असतं आणि भरलेलं असणं हीच त्याची नेहमीची स्थिती. रेस्टजावाडीच्या मेमरीचे नियम आवृत्तीनुसार बदललेत, नव्या आवृत्त्यांत तिच्यासाठी स्वतंत्र 'प्रोव्हिजन.रेस्टजावाडी.एक्स्ट्राएमबी' आहे, तेव्हा तुमच्या आवृत्तीची रिलीज नोट बघून मगच हात घाला. एएसएम चालवत असाल तर ४ जीबीचा विचारच सोडा, तिथे ८ जीबीखाली जाऊ नका. आणि तुमच्या जागी कुणी एचएप्रॉक्सी हा दुसरा लोड बॅलन्सर चालवत असेल तर ही दोन हिश्शांची भानगड नाही: तिथे दोन दिशांचे १६-१६ केबीचे बफर धरून आणि कर्नलच्या सॉकेटसाठी जागा सोडून १ जीबीमागे सुमारे २०,००० सेशन मोजायची आणि त्यावरून मॅक्सकॉन (कमाल कनेक्शनची मर्यादा) ठरवायचा, टीएलएस (एन्क्रिप्शन) तिथेच उघडत असाल तर आकडा आणखी खाली आणायचा.

तुमची ८ जीबी आता दिलीच आहे तर परत करू नका, फक्त आजच ती रिझर्व्ह करून घ्या. रिझर्व्हेशनला नकार मिळाला तर 'क्लॉक ॲडव्हान्स्ड'च्या ओळी वेळेसकट आणि हायपरवायझरचा त्याच वेळेचा बलूनचा आलेख शेजारी ठेवून पाठवा.