रात्रीची खाज आणि दोऱ्याचे तुकडे

प्रश्न : माझी सहा वर्षांची मुलगी पंधरा दिवस झोपेत दात खाते, शीच्या जागी खाजवते, रडत उठते. मी ओरडते, तरी हात जातोच. सासूबाई म्हणतात, गोड खाऊन जंत झाले. पण शीचा रिपोर्ट चांगला आलाय, आणि शाळेत जंताची गोळीही दिली होती. मग हे काय?
— एक आई, सांगोला

उत्तर : ताई, आधी ओरडणं थांबवा. ती खाज मोठ्या माणसालाही सहन होत नाही.

सासूबाईंचा जंतांचा अंदाज मला बरोबर वाटतो, गोडाचा नाही. दात तर जंत नसलेली मुलंही खातात. मी धरते ती रात्रीची खाज. सुतासारख्या बारीक जंताची मादी रात्री बाहेर येते आणि शीच्या जागेभोवती अंडी घालते. शीत ती सहसा सापडतच नाहीत, म्हणून रिपोर्ट चांगला.

मुलगी झोपल्यावर दोन-तीन तासांनी बॅटरी लावून बघा. शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याचे सेंटीमीटरभर तुकडे वळवळताना दिसतात. एक आजी असाच जंत औषधाच्या बाटलीच्या टोपणात घालून माझ्याकडे आल्या होत्या. मला दुसरी तपासणी लागलीच नाही. दिसला नाही, तर सकाळी उठल्याउठल्या, धुण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी दाबून काचपट्टीवर लावा आणि लॅबला द्या. असं ओळीनं तीन दिवस करा. मुलींना कधी लघवीच्या जागीही खाज आणि जळजळ होते, तेही विचारा.

शाळेतल्या गोळीनं जंत मरतात, अंडी नाही. ती चादरीवर, नखांत दोन-तीन आठवडे टिकतात आणि तोंडावाटे परत पोटात जातात. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, आणि तोही घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी, खाज नसली तरी. घरात गरोदर बाई किंवा दोन वर्षांखालचं बाळ असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. नखं बारीक कापा, सकाळी अंघोळ घाला, चादरी न झटकता गरम पाण्यात टाका.

मूल फिकट दिसतंय, माती किंवा पाटीवरची पेन्सिल खातंय, खेळताना दम लागतोय, तर रक्त तपासा. अनवाणी पायांतून शिरणारा अंकुशकृमी आतड्यात रक्त पितो. शीत किंवा उलटीत गांडुळासारखा लांब जंत पडला, तर डॉक्टरांना दाखवा. पोट फुगून दुखतंय, हिरवी उलटी होतेय, शी आणि वारा बंद आहे, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्या.