सोनोग्राफी नॉर्मल, तरी दुखणं खरंच

प्रश्न : डॉक्टरताई, मी २४ वर्षांची. भांडुपला राहते, फोर्टमध्ये नोकरी. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत ओटीपोट असं पिळवटतं की लोकलमध्ये उभं राहवत नाही. संडासला जातानाही कळ येते. सोनोग्राफी नॉर्मल आहे, पण एका डॉक्टरांना एंडोमेट्रिऑसिसची शंका आहे. आई म्हणते, दही-लोणचं बंद कर, आम्हीही सोसलंच, मूल झालं की जाईल. हे कशानं होतं? माझं काही चुकलं का?

उत्तर : तुझं काहीही चुकलेलं नाही. दही-लोणच्याचाही यात दोष नाही.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी ओव्हरीवर, गर्भाशयामागे, कधी आतड्यावर रुजतात. पाळीचं थोडं रक्त ट्यूबमधून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे मूळ धरतात, असं जॉन सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२०च्या दशकात मांडलं. पण असं रक्त बहुतेक सगळ्याच बायकांच्या पोटात जातं, आजार मात्र दहांतल्या साधारण एकीला होतो. बाकीच्या नऊजणी का सुटतात? याचं एकच एक कारण अजून सापडलेलं नाही. प्रतिकारशक्ती आणि हार्मोन्सचा त्यात हात आहे. जुळ्या बहिणींच्या अभ्यासांवरून निम्म्याच्या आसपास वाटा आनुवंशिकतेचा दिसतो. २०२३ साली ६० हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात जनुकांमधल्या ४२ जागा या आजाराशी जोडलेल्या आढळल्या. त्यांतल्या काहींचं नातं मायग्रेन आणि पाठदुखीशीही निघालं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण ‘हिचं रोज काहीतरी दुखतंच’ म्हणून किती बायकांना वाटेला लावलं जातं! त्या अभ्यासातल्या स्त्रिया युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या होत्या. भारतीय स्त्रियांवरचं असं संशोधन आपल्या परळच्या, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) प्रजनन आरोग्य संस्थेनं हाती घेतलं आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

रुजलेल्या पेशींचे हे डाग स्वतःच इस्ट्रोजेन तयार करतात, आजूबाजूला सूज आणतात, त्यांच्यात नवे मज्जातंतू वाढतात. अवयव एकमेकांना चिकटू लागतात. तुझी संडासच्या वेळची कळ त्यातलीच असू शकते, ती डॉक्टरांना आवर्जून सांग. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत पातळ डाग दिसत नाहीत. म्हणून या आजाराचा अनुभव असलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. लागल्यास ते एमआरआय करतील. दुर्बिणीची शस्त्रक्रिया करूनच निदान झालं पाहिजे, हा आग्रह युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत सोडला आहे. लक्षणांवरून हार्मोनच्या गोळ्या सुरू करता येतात. गरोदरपणात दुखणं काही काळ थांबू शकतं, पण मूल होणं हा यावरचा इलाज नव्हे. काहींना दिवस राहायला अडचण येते, पुष्कळजणींना येत नाही.

आईला बरोबर घेऊन जा, आणि तिच्या पाळीबद्दलही डॉक्टरांसमोर विचार. ‘आम्हीही सोसलं’ म्हणणाऱ्या आयांपैकी काहींना हाच आजार असणार, असं मला वाटतं. तुझ्या निदानासाठी ती माहिती उपयोगाची आहे.