क्वचितच ऐकू येणाऱ्या देशातून हॅम रेडिओची मोहीम काढायची असेल तर तयारी कुठून सुरू करावी?

तुम्ही चार-पाच परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारे मित्र आहात, बँडवर (हौशी रेडिओसाठी ठरलेल्या लहरींच्या पट्ट्यांवर) वर्षानुवर्षं न ऐकलेल्या एका देशातून आठ-दहा दिवस स्टेशन चालवायचं आहे, आणि आधी अँटेना ठरवाव्यात की तिकिटं काढावीत असं तुम्ही विचारलं आहे. माझ्या मते दोन्ही थांबू द्या. आधी परवाना, तोही लेखी.

डीएक्ससीसी, म्हणजे हॅम लोक संपर्क मोजण्यासाठी वापरतात ती देश-प्रदेशांची यादी, तिच्यात सध्या ३४० नोंदी आहेत. दूरवरची बेटंही त्यात वेगळी मोजली जातात. त्यातल्या काही जागा दुर्मीळ आहेत कारण तिथे पोचणंच कठीण. नॉर्वेच्या ताब्यातलं बूव्हे बेट घ्या. निर्मनुष्य, जवळजवळ सगळं बर्फाखाली. २०१८ साली ३वाय०झेड या कॉलसाइनचा (कॉलसाइन म्हणजे स्टेशनची अधिकृत ओळख) गट बेटाजवळ पोचला, पण आधी हवामानाने हेलिकॉप्टर उडू दिलं नाही आणि मग जहाजाच्या इंजिनात बिघाड झाला, त्यामुळे पाय न ठेवताच परतावं लागलं. पण तुम्ही देश म्हणताय, म्हणजे तिथे माणसं आहेत, वीज आहे, विमानतळ आहे. अशा ठिकाणाहून आवाज येत नाही तो बहुतेक वेळा सरकार परवाना देत नाही म्हणून. उत्तर कोरियातून २००१-०२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न कार्यक्रमात काम करणारा एक जॉर्जियन हॅम पी५/४एल४एफएन या कॉलसाइनने बोलत होता. नोव्हेंबर २००२ मध्ये त्याला बंद करायला सांगितलं गेलं, आणि जगभरचे हॅम आजही त्या देशाची वाट पाहत आहेत.

म्हणून त्या देशाच्या दूरसंचार नियामकाकडे अर्ज करा आणि शक्य असेल तर गटातल्या एकाने आधी जाऊन समोरासमोर भेटून या. तिथल्या अधिकाऱ्याने कदाचित हौशी रेडिओ हा प्रकारच ऐकलेला नसतो. तुम्ही पैसे घेऊन संदेश पाठवणार नाही, कुणाचं बोलणं चोरून ऐकणार नाही, हे त्याला शांतपणे समजावून सांगावं लागतं आणि त्यात महिने जातात. परवान्यावर कॉलसाइन, तारखा, बँड, कमाल शक्ती आणि चालवणाऱ्यांची नावं असू द्या. 'या, काही अडचण नाही' या तोंडी शब्दावर निघू नका. डीएक्ससीसीची मान्यता देणारी एआरआरएल ही अमेरिकेतली हौशी रेडिओ संस्था अशा देशांच्या बाबतीत परवान्याची प्रत आणि तुम्ही तिथे होतात याचा पुरावा मागते. मान्यता नाही मिळाली तर रात्री जागून तुम्हाला हाका मारणाऱ्या हजारो लोकांच्या हाती काहीच लागत नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

कस्टमची परवानगी वेगळी काढा. रेडिओ चालवायचा परवाना आहे म्हणून रेडिओ देशात आणता येतो असं नाही. प्रत्येक यंत्राचं मॉडेल, सिरियल नंबर आणि किंमत असलेली यादी शिक्क्यासह जवळ ठेवा. देश एटीए कार्नेट (सामान तात्पुरतं, कर न भरता आत नेण्याचं कस्टमचं कागदपत्र) मानत असेल तर ते काढा. सॅटेलाइट फोन काही देशांत थेट जप्त होतो, त्याची चौकशी स्वतंत्र करा. १६० वॉट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही.

उपकरणांबद्दल थोडक्यात: १०० वॉटचे दोन-तीन ट्रान्सीव्हर (पाठवणारं आणि ऐकणारं एकच यंत्र), एक हलका अँप्लिफायर, आणि प्रत्येक स्टेशनला बँडपास फिल्टर, म्हणजे फक्त आपल्या बँडचे सिग्नल जाऊ देणारा. फिल्टर नसतील तर शेजारी बसलेले दोघं एकमेकांनाच बहिरं करतात. जागा समुद्रकाठी मिळाली तर पाण्याला लागून उभ्या अँटेना लावा. खाऱ्या पाण्यामुळे लहरी क्षितिजालगत निघतात, आणि लांबच्या संपर्काला तेच हवं असतं. मार्च किंवा सप्टेंबरच्या आसपास, दिवस-रात्र समान असताना गेलात तर बरेच बँड साथ देतात.

खरी कसोटी पाइल-अपची, म्हणजे एकाच वेळी तुम्हाला हाका मारणाऱ्यांच्या गर्दीची. तुम्ही १४.१९५ मेगाहर्ट्झवर बोला आणि त्यापेक्षा पाच ते दहा किलोहर्ट्झ वरच्या बाजूला ऐका. स्वतःच्याच फ्रिक्वेन्सीवर ऐकलंत तर गर्दी तुमचा आवाज बुडवून टाकते. अर्धी कॉलसाइन ऐकू आली आणि तुम्ही ती उच्चारलीत, की तो संपर्क पूर्ण केल्याशिवाय दुसऱ्याला उत्तर देऊ नका. जोरात ओरडणाऱ्याला एकदा जरी आधी घेतलं, तरी पुढे सगळेच ओरडतात. ज्या भागासाठी बँड दिवसातून अर्धा तासच उघडतो, त्यांच्यासाठी ती वेळ राखून ठेवा आणि बाकीच्यांना थांबायला सांगा. एफटी८ (संगणकाने छोटे संदेश पाठवण्याची डिजिटल पद्धत) जरूर चालवा, पण सगळा वेळ त्यालाच देऊ नका. मोर्स आणि आवाजाची वाट पाहणारेही खूप असतात. नीट ठरवून चालवलं तर केवढं काम होतं ते येमेनच्या सोकोत्रा बेटावरून २०१२ साली झालेल्या ७ओ६टी मोहिमेत दिसलं. सुमारे १,६२,००० संपर्क, आणि पाठीशी सरकारची रीतसर परवानगी.

इंटरनेट मिळालं तर लॉग, म्हणजे झालेल्या संपर्कांची नोंद, रोज क्लब लॉग या वेबसाइटवर चढवा. आपलं नाव दिसलं की माणूस खात्रीसाठी पुन्हा हाक मारत नाही आणि त्याची जागा दुसऱ्याला मिळते. क्यूएसएल कार्डांचं, म्हणजे संपर्क झाल्याची खात्री देणाऱ्या कार्डांचं काम सांभाळणारा मॅनेजर मात्र निघण्यापूर्वीच ठरवा, कारण पहिल्या संपर्कापासून लोक तेच विचारतात.

देशाचं नाव आणि महिना कळवलात तर कुठला बँड कुठल्या दिशेला कधी उघडेल ते सांगू शकेन.