ब्रेकचा लाल दिवा: ऑइल ओतण्याआधी काय बघाल?

प्रश्न : माझी हॅचबॅक सात वर्षांची आहे. कऱ्हाडला जाताना कुंभार्ली घाटाच्या वळणांवर डॅशबोर्डवरचा उद्गारचिन्हाचा लाल दिवा लागतो, सपाटीला आलं की विझतो. हँडब्रेक पूर्ण खाली असतो. ब्रेक ऑइल ‘मिन’च्या रेषेला टेकलंय. बाटली आणून ठेवली आहे. ओतली तर चालेल ना?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : बाटलीचं सील इतक्यात फोडू नका. ऑइलच्या टाकीत एक तरंगणारा फ्लोट असतो. वळणावर ऑइल एका बाजूला कलतं, फ्लोट क्षणभर खाली बसतो आणि दिवा लागतो. म्हणजे दिवा खरं बोलतोय, पातळी काठावर आहे. आता ऑइल गेलं कुठं ते शोधायचं.

बहुतेक वेळा ते गाडीतच असतं. पुढचे ब्रेक पॅड झिजतात तसा कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन बाहेर सरकत जातो आणि त्याच्यामागे वाढलेली जागा टाकीतलं ऑइल भरून काढतं. हे महिनोन्‌महिने हळूहळू होतं. म्हणून आधी पॅड बघा. गाडी सपाट जागी लावा, मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, जॅकवर उचलून पुढचं चाक काढा. नव्या पॅडवरचा घर्षणाचा थर साधारण १० मिलिमीटरचा असतो. ३ च्या आसपास आला की पॅड बदलायचे. फक्त बाहेरचा पॅड बघून समाधान मानू नका. कॅलिपरच्या पिना जाम असतील तर आतला पॅड आधी संपतो, आणि तोच नेमका दिसत नाही.

पॅड संपत आले असतील तर टॉप-अप नको. नवे पॅड बसवताना पिस्टन आत ढकलला की पातळी आपोआप वर येते. आधीच काठोकाठ भरलेली टाकी तेव्हा उतू जाते, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलंच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

पॅड जाड आहेत आणि तरी पातळी काही आठवड्यांतच उतरली, तर गळती आहे. मागे ड्रम असलेल्या गाडीत व्हील सिलिंडरचं (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरचं) रबर गेलं की ड्रमच्या मागच्या पत्र्याची खालची कड आणि टायरची आतली भिंत ओली दिसते. बोटाला बुळबुळीत लागणारा तो ओलावा पाण्याने धुऊन जातो. ग्रीस किंवा गिअर ऑइल तसं जात नाही. मग मास्टर सिलिंडर (पेडलने चालणारा ब्रेकचा पंप) जिथे बूस्टरला (पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) जोडलाय तिथे टॉर्च मारा. बूस्टरचा काळा रंग तिथे फुगून सुटला असेल तर मास्टर सिलिंडरचं मागचं सील गळतंय. हे ऑइल बूस्टरच्या पोटातही जातं, त्यामुळे जमिनीवर थेंब दिसेलच असं नाही. क्लच हायड्रॉलिक असेल तर तेही बघा. बऱ्याच गाड्यांत क्लच याच टाकीतून ऑइल घेतो.

शेवटी इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून अर्धा मिनिट धरा. पाय हळूहळू खाली जात असेल तर बाहेर एक थेंब दिसो न दिसो, गाडी चालवू नका, टो करून न्या.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच घ्या, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी शोषलं की मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०. घाट उतरताना ब्रेक तापतात, जुनं ऑइल उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. कोकणच्या दमट हवेत तर दर दोन वर्षांनी ऑइल बदलाच. अर्धा ते एक लिटर लागतं. गेल्या वर्षीची उघडी बाटली फेकून द्या. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

प्रश्न : ऑइल ‘मॅक्स’ला आहे, पॅड नवे आहेत, तरी लाल दिवा विझतच नाही.
– एक वाचक, पुणे

उत्तर : मग स्विच किंवा वायर. चावी ऑन करा, इंजिन बंद ठेवा. हँडब्रेकच्या दांड्याच्या बुडाशी छोटा स्विच असतो, बहुधा एकाच वायरचा. त्याचा कपलर (वायरचा प्लग) काढा. दिवा विझला तर दोषी तोच: दांडा खाली आला तरी स्विचची दांडी पुरती दबत नाही. त्या फटीत चिल्लर आणि बिस्किटाचा चुरा हमखास सापडतो. साफ करून पट्टी किंचित वाकवली की बहुतेकदा काम होतं. हँडब्रेकची केबल फार ताणलेली असली तरी दांडा पूर्ण खाली बसत नाही, तेही तपासा.

दिवा तसाच राहिला तर टाकीचा दोन वायरींचा कपलर काढा. आता विझला तर फ्लोट अडकलाय किंवा ऑइल पिऊन बुडालाय. टाकीला बोटाने टिचक्या मारून बघा. मल्टिमीटर लावला तर बहुतेक गाड्यांत पातळी पूर्ण असताना कंटिन्युइटी (दोन्ही टोकं आतून जोडलेली असल्याची खूण) येता कामा नये. फ्लोट काही गाड्यांत झाकणासोबत येतो, काहींत अख्खी टाकी घ्यावी लागते. कपलर काढून दिवा बंद ठेवण्याचा ‘जुगाड’ मात्र कोणी सुचवला तरी करू नका.

दोन्ही काढूनही दिवा चालूच असेल तर वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. उंदरांनी कुरतडलेली जागा आधी शोधा.

प्रश्न : लाल दिव्यासोबत पिवळा एबीएसचाही लागला आहे. ब्रेक तर लागतो. चालवू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी ऑइलची पातळी बघा, ती ठीक असेल तर बहुधा एबीएससोबत (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) ईबीडीही, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा, बंद पडलंय. साधा ब्रेक लागेल, पण जोरात दाबल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडीची शेपूट फिरू शकते, विशेषतः ओल्या रस्त्यावर. पेडल घट्ट असेल तर हळू चालवत जवळच्या गॅरेजपर्यंत न्या. बॅटरीचं व्होल्टेज कमी असलं तरी हे दिवे लागतात, म्हणून टर्मिनल आधी घट्ट करा. नुकतंच चाकाचं बेअरिंग बदललं असेल तर त्या चाकाच्या सेन्सरचा कपलर बघा. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुधा इंजिनचेच कोड वाचतात. एबीएसचे कोड वाचणारा स्कॅनर गॅरेजकडे आहे का, हे फोनवर विचारूनच निघा.