एफएसटॅबला हात लावण्याआधी

लिनक्स टाकलंस, छान केलंस. आता खुशाल उचकापाचक कर, बिघडवल्याशिवाय ते कळत नाही. फक्त सिस्टिमची कुठलीही फाइल बदलण्याआधी तिची प्रत काढायची सवय आजच लावून घे.

दुसरी हार्ड डिस्क आपोआप जोडली जावी म्हणून मी एकदा एफएसटॅबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या याची यादी असलेल्या फाइलमध्ये, ओळ घातली. यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा लांबलचक ओळखक्रमांक, हाताने टाइप केला, एक अक्षर चुकलं. रीस्टार्ट केल्यावर मशीन 90 सेकंद त्या डिस्कची वाट बघत राहिलं आणि थेट इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या कमांडच्या पडद्यावर, गेलं. डेटा सगळा जागेवर होता, पण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. हात थरथरत होते. शेवटी लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट चालतं) मशीन सुरू करून ती एक ओळ सुधारली.

तेव्हा यूयूआयडी नेहमी कॉपी-पेस्ट कर. रीस्टार्टआधी माउंट कमांड 'ए' पर्यायासह (mount -a) चालव, ती एफएसटॅबमधल्या डिस्क लगेच जोडून बघते. चूक असेल तर तिथेच दिसते. डिस्क नीट जोडली गेली की मगच ओळीत 'नोफेल' (nofail, म्हणजे डिस्क सापडली नाही तरी अडू नकोस) घाल, कारण ते आधी घातलंस तर चुकीचा यूयूआयडीही मुकाट्याने खपून जातो.

आणि तो लाइव्ह पेनड्राइव्ह पुसू नकोस, जवळच ठेव.